म्यूझिक सार

गायक अजून तेराव्या मात्रेवर रेंगाळतोय आणि पहिल्या रांगेतली एक मान सोळावी उरकून समेवर येऊनही बसली आहे, हे दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याने मराठी मैफल पाहिली नाही. ही मान जाणकाराची. तबलजी त्याच्याकडे बघून गालात हसतो. जाणकार ते हसू दाद म्हणून खिशात घालतो.

पुण्यात असे जाणकार पायलीचे पन्नास. त्यामुळे तिथे त्यांची सगळी शक्ती एकमेकांना काटशह देण्यात जाते. एक म्हणतो, "जयपूर." दुसरा म्हणतो, "पण आवाजाचा लगाव किराण्याचा." तिसरा नुसतंच "हं" म्हणतो आणि जिंकतो. जाणकार पूर्ण वाढीचा बघायचा असेल तर तो जिथे 'हं' म्हणणारं दुसरं कोणी नाही अशा ठिकाणी गाठला पाहिजे. आमचे गुम्मिडिपूंडीला होते.

चेन्नईहून उत्तरेकडची लोकल घेतली की तिरुवोट्टियूर, एन्नोर, मिंजूर, पोन्नेरी करत गुम्मिडिपूंडी येतं. बऱ्याच गाड्या इथूनच माघारी फिरतात. थोडं पुढे गेलं की आंध्र. गावाला लागून सिपकॉटची औद्योगिक वसाहत आहे. लोखंड वितळवायच्या भट्ट्या, सळयांच्या रोलिंग मिल, ओतकामाचे कारखाने. कामगार तमिळ, तेलुगू, ओडिया, बिहारी. मराठी माणूस औषधाला. त्यातल्या एका फाउंड्रीत हे गृहस्थ क्वालिटीत होते. "दोनच वर्षांसाठी आलोय हो, सवाईला परत," असं सांगत आले आणि इथेच रिटायरमेंटच्या टप्प्यात पोचले. सवाई म्हणजे सवाई गंधर्व महोत्सव, 1953 साली भीमसेनांनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला. ह्यांचं घड्याळ तिथून पुढे सरकलेलं नव्हतं. गुम्मिडिपूंडीत पाऊस उशिरा आला तरी ते म्हणत, "सवाईला रमणबागेत एकदा असंच झालं होतं."

'म्यूझिक सार' हे नाव शॉपफ्लोअरने दिलं. ओतकाम तपासायची एक जुनी रीत आहे: नग टांगायचा, हातोडीने हलकेच ठोकायचा आणि ऐकायचं. धड नग घुमतो, आत भेग असेल तर बद्द वाजतो. दुसरे इन्स्पेक्टर ठोकून पुढे जात. हे ठोकत, डोळे मिटत, नाद पूर्ण विरेपर्यंत थांबत आणि मग निकाल देत. "हा पास. हा पास. हा... ह्याचा निषाद उतरलाय, बाजूला काढा." ज्याला निषाद माहीत नाही असा बालासोरचा पोरगा तो नग निमूटपणे बाजूला काढी. आणि पुढे मशीनखाली गेल्यावर त्यात खरोखरच भेग निघे, ही त्यांची थट्टा करणाऱ्यांची मोठी अडचण होती.

त्यांच्याकडे एक वही होती. ऐकलेल्या प्रत्येक कार्यक्रमाची नोंद, पट्टीने आखलेले रकाने: कलाकार, घराणं, गुरू, साथ, शेरा. नियम असा की एकही रकाना कोरा राहता कामा नये. जत्रेतल्या सिनेसंगीताच्या ऑर्केस्ट्रापुढे 'घराणं: इळैयराजा' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. एका लग्नात नादस्वरम वाजवणाऱ्याला तर त्यांनी पंगतीत गाठलं. तो बिचारा रसम-भात कालवत होता आणि हे पेन उघडून समोर उभे. "गुरू कोण?" त्याने डावा हात हवेत वर केला. बापाकडे शिकलो, बाप वर गेला, असा त्याचा अर्थ. ह्यांनी लिहिलं, 'गुरू: दैवी.'

सुरुवातीच्या वर्षांत ते मार्गळीच्या मोसमाला, म्हणजे डिसेंबरात, चेन्नईच्या संगीतसभांना हौसेने जात. पण मैलापूरच्या सभेत त्यांचं काही चालेना. शेजारी कांजीवरम नेसलेल्या मामी. मांडीवर ताल असा चोख की मृदंगवाल्याने त्यांच्याकडे बघून स्वतःला सावरावं. राग ओळखायला ह्यांनी तोंड उघडेपर्यंत मागच्या रांगेतल्या शाळकरी पोराने तो शेजाऱ्याला सांगून टाकलेला. त्यातून तनि आवर्तन, म्हणजे मृदंगाचं एकट्याचं वादन, सुरू झालं की अर्धी सभा कॅन्टीनकडे उठून जाते, हा मृदंगाचा अपमान त्यांना सोसवेना. पुढे पुढे स्वतःही त्या वेळी उठून जाऊ लागले, कारण नंतर वडा संपतो. शेवटी सभा सुटली आणि ते गुम्मिडिपूंडीच्या मोकळ्या मैदानात परतले.

अशात बातमी आली की वसाहतीतली हौशी मंडळी चेन्नईचा एक केल्टिक लोकसंगीताचा बँड आणताहेत. मंडळींपैकी कोणाचा तरी मुलगा त्या बँडमधल्या कोणाच्या तरी ऑफिसात होता. तमिळनाडूत काय आणि महाराष्ट्रात काय, संस्कृतीचा प्रसार असाच होतो. पाचजण. चौघांनी आयर्लंड नकाशातच पाहिलेलं. फिडलवाला अड्यारचा, गिटारवाला शिलाँगचा, आणि गाणारी मुलगी तेवढी गॉलवेला शिकून आलेली. जागा म्हणजे गावातला कल्याणमंडप. लहान गावात नाटक, सत्कार, नेत्रशिबिर, सगळ्याचं थिएटर तेच. सकाळी तिथे लग्न झालेलं. दाराला केळीचे खांब तसेच, रंगमंचावर झेंडूची कमान आणि तिच्यावर थर्माकोलची वधूवरांची आद्याक्षरं. ती काढायला शिडी मिळाली नाही. तेव्हा आयर्लंडचं संगीत त्या नवपरिणीत जोडप्याच्या छत्राखाली होणार हे ठरलं.

प्रास्ताविक अर्थातच म्यूझिक सारांकडे. त्यांनी तयारी जबरदस्त केली होती, आणि इथे मला त्यांची बाजू घेतली पाहिजे, कारण जे बोलले ते ऐकण्यासारखं होतं. फक्त ऐकायला आलेल्यांपैकी निम्म्यांना वाटत होतं की जेवणाचं कूपन आधी घ्यायचं की नंतर, हे आता जाहीर होईल. गोष्ट अशी: शिकागोचा पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील, जन्म 1848, आयर्लंडच्या कॉर्क परगण्याचा. तरुणपणी जहाजावर गेला, जग फिरला, अमेरिकेत पोलीस झाला, 1901 मध्ये शिकागोचा प्रमुख. ह्याला वेड आपल्या मुलखातल्या धुना जमवायचं. बरं वाजवणारा आयरिश माणूस शिकागोत उतरला की त्याला पोलिसात चिकटवून द्यायचा, अशी त्याची ख्याती. 1903 मध्ये त्याने 1,850 धुनांचं पुस्तक छापलं. "आणि त्याच सुमाराला," म्यूझिक सार माइकवर बोट आपटत म्हणाले, "1904 साली आमचे पंडित भातखंडे, पेशाने वकील, संगीताच्या शोधात ह्याच मद्रासकडे आले! तिकडे पोलीस, इकडे वकील! दोघांनी मिळून जगाचं संगीत वाचवलं!" टाळ्या पडल्या. वकील आणि पोलीस एकत्र आल्याची बातमी कामगारांना नवी होती.

मग बँड सुरू झाला.

आयरिश नृत्याच्या धुनेचा साचा साधा असतो. आठ मापांचा एक भाग, तो दोनदा. आठ मापांचा दुसरा, तोही दोनदा. असं एक आवर्तन. ते साधारण तीनदा वाजवतात आणि मग न थांबता, न सांगता, दुसऱ्याच धुनेत शिरतात. अशा दोनतीन धुना जोडल्या की सेट झाला. मुळात हे सगळं नाचासाठी. स्वयंपाकघरात खुर्च्या बाजूला सारून नाचायचं, तिथे सम दाखवत कोण बसणार?

पण म्यूझिक सार समेशिवाय जगू शकत नव्हते. पहिलं आवर्तन त्यांनी नुसतं अंदाज घेण्यात घालवलं. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरत होता. दुसऱ्या आवर्तनात चेहऱ्यावर शंका. तिसऱ्यात उजेड पडला. सम सापडली! ते सावरून बसले, खांदे मागे घेतले, उजवा हात वर गेला आणि सगळ्या अनुभवाचं वजन घालून त्यांनी मान खाली आणली. नेमकी त्याच क्षणी धून बदलली. सूर वरच्या पट्टीत उडाले, मागची पोरं आरोळ्या ठोकत उठली आणि म्यूझिक सारांची मान तिथे खाली एकटीच राहिली. दुसऱ्या सेटलाही तेच. तिसऱ्याला त्यांनी शहाणपणा केला, मान आखडती घेतली. तर बँडने ती धून नेमकी चारदा वाजवली.

मागे मात्र कोणाला काही अडचण नव्हती. लहान पोरं केव्हाच नाचायला लागली होती. जिग सुरू झाली, सहा मात्रांची, आणि बिहारी कामगारांच्या रांगेतून टाळ्या अशा सहज बसल्या की जणू छपऱ्याहूनच ती धून आली असावी. "दादरा आहे, दादरा," म्यूझिक सार माझ्या कानात म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. एवढा सोपा शोध त्यांना लागायला नको होता.

मध्यंतराच्या थोडं आधी बोधरान बसलं. बोधरान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याने मढवलेलं, परातीएवढं गोल वाद्य. एका हातात आखूड काठी, तिच्या दोन्ही टोकांनी वाजवायचं, दुसरा हात आतल्या बाजूने कातड्यावर दाबत आवाज वरखाली करायचा. समुद्राकडची दमट हवा त्या कातड्यात मुरली आणि ते ओल्या घोंगडीसारखं धपधप करायला लागलं. वाजवणारा पोरगा रडकुंडीला आला. म्यूझिक सार धावले आणि त्यांनी त्याला समजावलं की हे वाद्य आमच्या हलगीचं भावंड असून ते मूळचं आपल्याकडलंच असण्याची दाट शक्यता आहे. पोरगा "येस सार, येस सार" म्हणत होता. कातडं काही चढत नव्हतं.

तेवढ्यात फर्नेसवरचा एक कामगार पुढे आला. हा आपल्या गावी परै वाजवतो. परै म्हणजे तमिळ मुलखातली हलगी. त्याने बोधरान हातात घेतलं, आतून बाहेरून चाचपलं, नखाने एकदा टिचकी मारली आणि विचारलं, "बकरा?" पोरगा म्हणाला, "बकरा." मग तो ते बाहेर घेऊन गेला. मांडवाच्या मागे आचाऱ्यांची चूल अजून धुमसत होती. त्याने दोन वाळक्या झावळ्या पेटवल्या, बोधरान आचेपासून हातभर दूर धरून सावकाश फिरवलं, मध्येच बोटाने ठोकून ऐकलं, पुन्हा फिरवलं. पोरगा जीव मुठीत धरून शेजारी. ते वाद्य त्याने बाहेरून मागवलेलं होतं. शेवटी टणत्कार असा उठला की चुलीजवळची कुत्री उभी राहिली. कामगाराने ते परत दिलं आणि पोराला मनगट कुठे सैल सोडायचं तेही दाखवलं. स्वतःची बोटं त्याने पँटला पुसली.

ह्या दोन वाद्यांचं नशीब मात्र चमत्कारिक सारखं आहे. परै वर्षानुवर्षं मयताला आणि जत्रेला चाललं, पण सभागृहात कोणी घेत नव्हतं. वाजवणारे कोण, ह्यावरून वाद्याची जात ठरलेली. आपल्या हलगीचं वेगळं काय सांगायचं? चेन्नईच्या मंचावर परै मानाने दिसू लागलं ते अलीकडे. बोधरानही एरवी फारसं कोणी विचारत नसे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी रेन पक्ष्याची सोंगं काढून गावभर फिरणाऱ्या पोरांच्या हातात ते दिसायचं. 1960 च्या दशकात शॉन ओ रियाडा ह्या संगीतकाराने ते आपल्या वाद्यवृंदात बसवलं आणि मग ते जगभर गेलं. हे प्रास्ताविकात यायला हवं होतं. पण म्यूझिक सारांच्या वहीत वाद्याच्या जातीला रकाना नव्हता.

मध्यंतरानंतर ती मुलगी एकटी गायली. साथ नाही, ठेका नाही. खुर्चीवर बसली, डोळे मिटले आणि आयरिश भाषेतलं एक जुनं गाणं सुरू केलं. ह्या गायकीला शॉन-नोस म्हणतात. आवाज सरळ चालता चालता एखाद्या अक्षरावर थबकतो, गळ्यातल्या गळ्यात बारीक वळण घेतो आणि काही झालंच नाही असा पुढे जातो. मंडपात पंख्यांचा आवाज तेवढा होता. तिसऱ्या कडव्यात तिने एका स्वरावरून खालच्या स्वरावर यायला इतका वेळ घेतला, की माझ्या शेजारून एकदम, पूर्ण आवाजात, रमणबागेच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं आलं: "क्या बात है!"

सगळ्या माना वळल्या. आयोजकांपैकी एकाने कपाळाला हात लावला. म्यूझिक सार स्वतःही चपापले असावेत, कारण ह्या वेळी त्यांनी मात्रा मोजलेल्या नव्हत्या, पेन खिशात होतं, मानसुद्धा जागेवर होती. ते आतून निघून गेलं होतं. मुलीने गाणं न थांबवता त्यांच्या दिशेला किंचित हसून तीच जागा पुन्हा घेतली, आणखी खोल. संपल्यावर ती माइकवर म्हणाली की कोनमाराच्या पबमध्ये हे गाणं चालतं तेव्हा लोक असेच मध्येच ओरडून गाणाऱ्याला बळ देतात, कधी शेजारी बसून हातही हातात घेतात. इथे आल्यापासून असं कोणी ओरडलं नव्हतं, तिला चुकल्यासारखं होत होतं. म्यूझिक सारांनी उभं राहून मंडपाला नमस्कार केला. आयोजकाने कपाळावरचा हात काढून टाळ्यांना लावला.

ह्यानंतर माणसाने थांबावं की नाही? पण वही राहिली होती. कार्यक्रम संपत आला तसे ते रंगमंचाखाली जाऊन उभे राहिले आणि फिडलवाल्याला म्हणाले, "घराणं सांगा." फिडलवाल्याला प्रश्न कळला, ही त्याची कमाल. त्याने सांगितलं की आयर्लंडमध्येही परगण्यागणिक ढंग वेगळा, डोनेगलचा गज निराळा, स्लायगोचा निराळा; स्लायगोच्या मायकेल कोलमनने न्यूयॉर्कला जाऊन 1920 च्या दशकात 78 च्या तबकड्या काढल्या आणि त्या मायदेशी पोचल्यावर सगळे त्याच्यासारखं वाजवायला बघू लागले.

"म्हणजे तुम्ही स्लायगो."

"मी अड्यार, सार."

"गुरू?"

"लहानपणी कर्नाटक व्हायोलिन शिकलो. हे यूट्यूबवर."

पेन वहीवर टेकून तसंच राहिलं. 'यूट्यूब' हे घराण्यात घालायचं की गुरूत, असा पेच त्यांच्या चेहऱ्यावर होता. पैकी कशातही घातलं तर वही बाटणार. फिडलवाल्याला दया आली असावी. म्हणाला, "एक शेवटचं वाजवतो सार, तुम्ही ओळखा." आणि हनुवटीखालचं व्हायोलिन काढून तो खाली मांडी घालून बसला, पायाचा घोटा पुढे केला, व्हायोलिनचा माथा त्यावर टेकवला, जसं दक्षिणेत घेतात तसं, आणि एक धून काढली. दुडक्या चालीची, हसरी.

म्यूझिक सारांनी डोळे मिटले. "सगळे शुद्ध. बिलावल थाट... चाल मात्र इंग्रजी बँडची..." पेरं मोजायला सुरुवात झाली. ती दुसऱ्या पेरावर पोचली नव्हती तोच मागून गाणं उठलं. वसाहतीतल्या शाळेच्या गाण्याच्या बाई, शाळेतल्या सातआठ मुली आणि कोणाच्या तरी आजी, सगळ्या बसल्या जागेवरून गात होत्या. संस्कृत शब्द, पाठ, न अडखळता. 'वंदे मीनाक्षी'. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षित, त्यांचं नोट्टुस्वर. इथे गाणं शिकणाऱ्या मुलांना ते फार लवकर शिकवतात.

त्या धुनेचं मूळ नाव 'रेक्स ऑफ मॅलो'. मॅलो हे आयर्लंडमधलं गाव, कॉर्क परगण्यातलं, म्हणजे पोलीसप्रमुख ओनीलच्याच बाजूचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस दीक्षितांचं कुटुंब चेन्नईच्या उत्तरेला मणलीला राहायला होतं, तिथल्या मुदलियारांच्या आश्रयाला. हे मुदलियार कंपनी सरकारचे दुभाषी. त्यांच्यामुळे मद्रासच्या किल्ल्यातल्या गोऱ्यांच्या बँडचं संगीत मुत्तुस्वामी आणि त्यांच्या भावांच्या कानावर पडलं. मुत्तुस्वामींनी अशा सुमारे चाळीस धुनांवर देवदेवतांची संस्कृत पदं बांधली. धाकटे बाळुस्वामी गोऱ्यांचं व्हायोलिन शिकले, आणि कर्नाटक संगीतात ते वाद्य ज्यांनी रुजवलं त्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. त्याच बाळुस्वामींचे दत्तक पुत्र सुब्बराम दीक्षित. 1904 च्या दौऱ्यात भातखंडे एट्टयपुरमला जाऊन ज्यांना भेटले ते हेच. मणलीला आज रिफायनरी आहे. आमच्या लोकलमधून चिमण्या दिसतात.

हे सगळं फिडलवाल्याने आणि गाण्याच्या बाईंनी आळीपाळीने सांगितलं. म्यूझिक सार ऐकत होते. आयरिश धून मद्रासला आपल्यातली झाली हे त्यांना पचायला जड जाईल, असं मला वाटलं. कारण त्यांच्या हिशेबात जगातलं संगीत इथून तिकडे जायचं, तिकडून इकडे यायची सोय नव्हती. एकदा त्यांनी क्षीण प्रतिकार केलाही: "तंजावरला आमच्या सरफोजी राजांकडेसुद्धा इंग्रजी वाद्यांचा बँड होता बरं का." बाई म्हणाल्या, "होता की." प्रतिकार तिथेच संपला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, भेग नसलेला नग ठोकल्यावर उजळायचा तसा. हनुवटीखालचं व्हायोलिन मणलीला मांडीवर आलं, धून मणलीला संस्कृतात शिरली, भातखंडे त्याच कुटुंबाच्या वारसाला भेटून गेले, आणि आज पोरगा अड्यारहून मणलीच्या अंगावरून लोकलने इथे आला. प्रश्न मिटला होता.

बँडची मंडळी परतीची गाडी पकडायला घाई करत होती. आयोजक पाकिटात एक रुपयाचं नाणं घालायला विसरले म्हणून म्यूझिक सारांनी स्वतःच्या खिशातून ते घातलं, आणि पुढच्या खेपेला खुर्च्या काढून भारतीय बैठक घालायची तंबी दिली. पोरं नाचणार कुठे, असं मी विचारलं. "कडेने," ते म्हणाले.

मग झेंडूच्या कमानीखाली, सकाळच्या वधूवरांच्या सिंहासनावर बसून त्यांनी वही पुरी केली. मी खांद्यावरून वाचली. 'घराणं: मणली (आयरिश शाखा).' गाणाऱ्या मुलीपुढे शेरा म्हणून फक्त एक उद्गारचिन्ह. बोधरानवाल्याच्या ओळीवर पेन थोडं थांबलं. त्यांनी फर्नेसवरच्या त्या कामगाराला हाक मारली, त्याचं नाव विचारून घेतलं, स्पेलिंग दोनदा तपासलं आणि गुरूच्या रकान्यात ते लिहून पुढे जोडलं, 'फर्नेस विभाग, सेकंड शिफ्ट.'